ली शेफर्ड, बॉब ग्लिडन आणि हेडमधली वळणं

पुशरॉड (धागालेखक)

मार्च उजाडला की मला ली शेफर्ड आठवतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. मी डॅलसला आलो तोवर त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण इकडे इंजिनाचं काम करणाऱ्या जुन्या माणसाशी दहा मिनिटं बोललं की त्याचं नाव निघतंच. ते ड्रायव्हर म्हणून कमी निघतं, 'हेड करणारा' म्हणून जास्त.

ज्यांना ड्रॅग रेसिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन गाड्या, सरळ पट्टा, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. मधल्या खांबावरचे दिवे पिवळ्याचे हिरवे झाले की सुटायचं. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो गाडी ट्रेलरवर चढवून घरी. घाट नाही, वळण नाही. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? मलाही वाटायचं.

यातला 'प्रो स्टॉक' हा वर्ग १९७० साली सुरू झाला. गाडी दिसायला शोरूममधल्यासारखी. सुपरचार्जर नाही, टर्बो नाही (ही दोन्ही इंजिनात हवा कोंबणारी यंत्रं), नायट्रो हे जहाल इंधनही नाही. इंजिन स्वतःच्या दमावर जेवढी हवा ओढेल तेवढीच त्याची कमाई. १९८२ पासून सगळ्यांना एकच मर्यादा आली, ५०० क्युबिक इंच, म्हणजे साधारण ८.२ लिटर. इंजिन सगळ्यांचं तेवढंच, इंधन तेच. मग पुढे कोण राहणार? ज्याच्या हेडमधून हवा नीट जाते तो.

टेक्सासमधल्या आर्लिंग्टनची रेहर-मॉरिसन-शेफर्ड ही तिघांची टीम. डेव्हिड रेहर आणि बडी मॉरिसन इंजिनं बांधायचे. शेफर्ड आठवडाभर हेडचे पोर्ट घासायचा आणि स्पर्धेला तीच कॅमारो स्वतः पळवायचा. १९८१ ते १९८४ सलग चार वर्षं एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेचं विजेतेपद, राष्ट्रीय स्पर्धांत २६ विजय. ११ मार्च १९८५ ला ओक्लाहोमातल्या आर्डमोरला गाडीची चाचणी घेताना अपघात झाला आणि तो गेला. त्या दिवशी स्पर्धासुद्धा नव्हती.

आपण लावलेल्या हाताचा परिणाम आपल्याच पाठीला जाणवणारा माणूस या खेळात विरळा. हेड करणारे बहुतेक जण गॅरेजमध्येच राहतात, पोस्टर ड्रायव्हरचं निघतं. तुम्हाला अशी माणसं ठाऊक असतील तर इथे लिहा. पण नुसती श्रद्धांजली नको, कामाबद्दलही लिहा.

निवांत

वाचतेय. पण अगदी प्राथमिक प्रश्न आहे, हसू नका. हेड म्हणजे नेमकं काय? भावाच्या बुलेटचं 'हेड उघडलं' की घरात दोन दिवस अबोला असतो, एवढीच माझी ओळख. आणि घासायचं म्हणजे कानशीने का?

लेथवाला

ताई, हसायचं काय त्यात. आमच्याकडं गाडी घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांना म्हाईत नसतंय.

सिलिंडर म्हणजे डबा धरा. हेड म्हणजे त्याचं झाकण. पण सगळी अक्कल त्या झाकणात. हवा आत यायची वाट त्यात, धूर बाहेर जायची वाट त्यात, दोन्ही वाटांची दारं म्हणजे व्हॉल्व्ह त्यात, ठिणगीचा प्लग पण त्यातच. या ज्या वाटा, त्यांना पोर्ट म्हणायचं. ओतकाम करताना साच्यात वाळूचा कोअर ठेवून ही पोकळी पाडतात. कोअर जरा हलला की आठ सिलिंडरचे आठ पोर्ट आठ तऱ्हेचे. आमचं कोल्हापूर फाउंड्रीचं गाव, हे रोज बघतोय. मग डाय ग्राइंडरला कार्बाइडचा बर, म्हणजे गरगर फिरत धातू खाणारं टोक, लावून आतनं आकार द्यायचा. कानस तिथं पोचत नाही.

मी नवीन असताना एका गिऱ्हाइकाच्या जीपचं हेड घासायला घेतलं. आणखी जरा, आणखी जरा करत गेलो आणि बर गेला थेट वॉटर जॅकेटात. पाण्याच्या वाटेला भोक. हेड भंगारात गेलं, वडलांनी दोन महिने पगार दिला नाही.

पुशरॉड साहेब, मला एकच सांगा. शेफर्ड पोर्ट केवढा मोठा करायचा?

पुशरॉड

लेथवाले, 'केवढा मोठा' या प्रश्नातच सगळे फसतात. मीही फसलो होतो. पोर्ट मोठा केला की जास्त हवा, हे गणित सोपं वाटतं, पण हवेला वजन आहे आणि वेग आहे.

घाटातलं वळण डोळ्यांपुढे आणा. भरधाव ट्रक वळणाच्या आतल्या कडेने जाऊ शकत नाही, बाहेर फेकला जातो. पोर्टमधून येणारी हवा व्हॉल्व्हपाशी खाली वळते तेव्हा तेच होतं. आतल्या कडेला, म्हणजे पोर्टच्या तळाशी जे आखूड वळण असतं तिथे हवा भिंत सोडते, भोवरा होतो आणि व्हॉल्व्हची ती बाजू जवळजवळ रिकामी राहते. व्हॉल्व्ह मोठा बसवलात तरी अर्धाच उपयोगात. म्हणून चांगला कारागीर छत उंच करतो, वळण सौम्य करतो, आणि कितीतरी वेळा तळ घासण्याऐवजी इपॉक्सी भरून उंच करतो. ऐकायला उलटं वाटतं. पोर्ट लहान केला आणि ताकद वाढली!

दुसरं असं, की पिस्टन तळाला पोहोचून वर निघाला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. पोर्टमधून धावणारा हवेचा खांब जर वेगात असेल तर तो स्वतःच्या धक्क्याने आणखी आत घुसतो. चांगल्या प्रो स्टॉक इंजिनात सिलिंडर त्याच्या मापापेक्षा जास्त भरतो तो यामुळे. पोर्ट ऐसपैस केला की वेग मरतो आणि हा फुकटचा धक्का जातो.

लेथवाला

मग आमच्याकडं पोर्ट आरशासारखा चकचकीत करून मागतात त्याचं काय? पोरं मोबाइलची बत्ती मारून बघतात आणि खूश होतात.

पुशरॉड

धुराच्या वाटेला चालेल, काजळी कमी धरते. आत येणाऱ्या वाटेला कार्बोरेटरचं पेट्रोल असेल तर आरसा नको. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब ओघळून साचतात. बारीक खरखर बरी. गिऱ्हाईक खूश होतंय तर होऊ दे, पण वेगळे पैसे लावा.

वेताळटेकडी

पुण्यात इंजिन चाचणीत आयुष्य गेलं, म्हणून मध्ये तोंड घालतो. हे सगळं कळलं कसं? अंदाजाने नाही. हेड टेबलावर उलटं बांधायचं, खालून हवा ओढायची आणि व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडत प्रत्येक टप्प्याला किती हवा जाते ते मोजायचं. याला फ्लो बेंच म्हणतात. या कामात इंग्लंडचा हॅरी वेस्लेक फार पूर्वी उतरला, ससेक्समधल्या राय गावात त्याची कंपनी होती. मिनी, मॉरिस मायनर या गाड्यांतल्या बीएमसी ए-सिरीज इंजिनाचा बदामाच्या आकाराचा ज्वलनकक्ष त्याचाच. पुढे गर्नी-वेस्लेक हेड लावलेल्या फोर्ड जीटी ४० ने १९६८ आणि १९६९ ची ल मान्सची शर्यत जिंकली. तीही अमेरिकन पुशरॉड व्ही-८ च, विसरू नका. (पुशरॉड म्हणजे खालच्या कॅमवरून वरचा व्हॉल्व्ह उघडणारी दांडी.)

आकड्यांबाबत एक सावधगिरी. अमेरिकेत हल्ली २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर मोजतात, पूर्वी बरेच जण १० इंचावर मोजायचे. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १० इंचावर १५० आलं तर २८ इंचावर तेच हेड साधारण २५१ दाखवेल. जाहिरातीतला आकडा बघण्याआधी किती इंचावर मोजला ते विचारा. आणि बेंचवर हवा संथ, एकसारखी वाहते. इंजिनात ती मिनिटाला हजारो वेळा थांबते आणि सुटते. बेंचवर हरलेलं हेड पट्ट्यावर जिंकल्याची उदाहरणं आहेत. म्हणूनच शेफर्डसारख्या माणसाला महत्त्व. त्याच्याकडे बेंचही होता आणि स्टिअरिंगही.

हेमी_हेमंत

माफ करा, पण तुम्ही लोक इपॉक्सी आणि वर्गमूळ करत बसा. खरं ड्रॅग रेसिंग म्हणजे टॉप फ्युएल, नायट्रोवर पळणाऱ्या गाड्यांचा वर्ग. डॉन गार्लिट्स! क्रायस्लरचं हेमी इंजिन, वर ब्लोअर म्हणजे सुपरचार्जर, टाकीत नायट्रो. १ ऑगस्ट १९६४ ला न्यू जर्सीत ग्रेट मेडोजला २०१.३४ मैलांचा वेग, २०० च्या वर गेल्याची पहिली अधिकृत नोंद. ब्लोअर हवा कोंबतोय म्हटल्यावर पोर्ट कसाही असला तरी काय फरक पडतो?

वेताळटेकडी

थोडा फरक कमी पडतो, हे मान्य. पण हेमीचं हेडच मुळात का चाललं ते बघा. हेमी म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्ष. त्यात आत घेणारा आणि बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह समोरासमोर तिरपे बसतात, त्यामुळे दोन्ही मोठे मावतात आणि हवा एका अंगाने येऊन दुसऱ्या अंगाने सरळ निघून जाते. क्रायस्लरने हे १९५१ साली ३३१ क्युबिक इंचाच्या इंजिनात दिलं. नंतरचं ३९२ तर रेसवाले भंगारातून उचलून वापरत होते. १९६४ ला ४२६ आलं आणि डेटोना ५०० या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक घेऊन गेलं. म्हणजे तुमच्या गार्लिट्सच्या वर्गाने हेडचा प्रश्न आधीच सोडवून घेतला होता, म्हणून तुम्हाला तो दिसत नाही.

आणि आता त्या वर्गात हेडचं काम वेगळंच आहे, टिकून राहण्याचं. पेट्रोलला १ किलोमागे १४.७ किलो हवा लागते, नायट्रोमिथेनला १.७ पुरते, कारण ऑक्सिजन त्याच्या रेणूतच आहे. म्हणजे त्याच हवेत कितीतरी पट इंधन ओतता येतं. आजची टॉप फ्युएल हेडं अॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरतात, त्यात पाण्याची वाटच नसते. थंड करतं ते इंधनच. अर्ध्या पट्ट्यापर्यंत प्लगची टोकं जळून जातात, पुढे इंजिन डिझेलसारखं नुसत्या उष्णतेवर पेट घेत राहतं. बंद करायचं तर इंधन तोडावं लागतं.

निवांत

थांबा थांबा. हेमीला दोन प्लग असतात असं कुठेतरी वाचलं. माझ्या पल्सरलाही दोन आहेत! मी नायट्रोवर चालतेय का?

हेमी_हेमंत

😂 अजून तरी नाही. टॉप फ्युएलला दोन प्लग, कारण तो ओला चिंब मसाला एका ठिणगीला दाद देत नाही. पल्सरला २००३ पासून डीटीएस-आय आलं तेही दोन प्लगचंच, पण उलट्या कारणाने. पेट्रोल कमी टाकायचं आणि ते दोन्हीकडून पेटवून पटकन जाळायचं. आकुर्डीच्या बजाजवाल्यांना मायलेज हवं होतं, आमच्यांना आग.

चौथागिअर

गार्लिट्सचं नाव निघालं म्हणून. ८ मार्च १९७० ला लाँग बीचच्या लायन्स पट्ट्यावर त्याच्या गाडीचा ट्रान्समिशन फुटला आणि उजव्या पावलाचा काही भाग गेला. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पुढे असायचं, ट्रान्समिशन दोन पायांच्या मध्ये. त्याने पुढची गाडी इंजिन मागे टाकून बांधली आणि १९७१ ची पोमोनाची विंटरनॅशनल्स स्पर्धा जिंकली. बघता बघता सगळे तसेच बांधायला लागले. मार्च महिना या खेळाला काही धड नाही.

पण मला खरं लिहायचंय ते बॉब ग्लिडनबद्दल. इंडियानाचा फोर्डवाला. ८५ विजय, १० विजेतेपदं. शेफर्ड गेला त्या १९८५ पासून १९८९ पर्यंत सलग पाच त्याचीच. बायको एटा आणि दोन मुलगे हाच त्याचा ताफा. एटा नुसती टाळ्या वाजवायला नव्हती, गाडीवर तिचाही हात असायचा.

१९८६ ला अटलांटाला त्याची थंडरबर्ड पट्ट्याच्या टोकाला कोलांट्या खात गेली. बॉनेट उडालं, इंजिन उघडं पडलं. ग्लिडन ढिगाऱ्यातून बाहेर आला आणि पहिलं काय केलं? अंगातलं जाकीट काढून मॅनिफोल्डवर, म्हणजे हेडमध्ये हवा नेणाऱ्या नळ्यांवर, टाकलं. का, तर बाकीच्यांना आतली वाट दिसू नये! हाडं शाबूत आहेत का ते नंतर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. या धाग्यावरचं वळणाचं प्रकरण वाचल्यावर आता तेवढं हसू येत नाही.

आपल्याकडे अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग बघायला गेलो होतो. तिथेही काही जण बॉनेट उघडताना आजूबाजूला बघत होते. रक्त तेच.

पुशरॉड

चौथागिअर, छान आठवण काढलीत. ग्लिडनच्या पिढीतल्या फोर्डवाल्यांची एक गोष्ट जोडतो. ३५१ क्लीव्हलंड इंजिनाच्या हेडला आत घेणारे पोर्ट प्रचंड, व्हॉल्व्ह तिरपे, सगळं झकास. पण धुराची वाट गाडीच्या सांगाड्यात मावावी म्हणून एकदम खाली वळवलेली. रेसवाल्यांनी काय केलं, हेडची ती अख्खी बाजू मशिनवर कापून काढली आणि तिथे वरच्या अंगाला सरळ वाट असलेली अॅल्युमिनियमची पट्टी बोल्टने बसवली. कंपनीचं हेड आणि वर चक्क ठिगळ.

शेवीवाल्यांचं दुखणं वेगळं. १९५५ साली आलेल्या शेवर्लेच्या छोट्या ब्लॉकला (ब्लॉक म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ठोकळा) व्हॉल्व्ह २३ अंशांत झुकलेले, पोर्ट खाली, आणि पोर्टच्या बाजूनेच पुशरॉड वर जातो, त्यामुळे तिथे पोर्ट चिमटलेला. त्या चिमट्यातून ताकद काढणारा म्हणजे बिल 'ग्रम्पी' जेन्किन्स. तोंडात सिगार, कपाळाला आठ्या. कॉर्नेलला इंजिनिअरिंगला गेला आणि अर्ध्यात सोडून आला. १९७० ला पोमोनाला प्रो स्टॉकची पहिली स्पर्धा झाली, ती रॉनी सॉक्सला हरवून त्यानेच जिंकली, मोठ्या ब्लॉकच्या कॅमारोवर. मग हेमीवाले भारी पडायला लागले तेव्हा १९७२ ला नियमांतलं वजन नीट वाचून व्हेगा ही छोटी गाडी आणि छोटा ब्लॉक घेऊन आला, आणि हेमीवाल्यांची झोप उडवली. मार्च २०१२ मध्ये ८१ व्या वर्षी गेला. बघा, पुन्हा मार्च.

लेथवाला

म्हणजे तुमचं नाव पुशरॉड, आणि पोर्टच्या वाटेत आडवा येणारा पण पुशरॉडच. 🙏

पुशरॉड

अहो, बायकोही तेच म्हणते.

वेताळटेकडी

अवांतर नाही, मूळ विषयच. याहून मागे गेलं पाहिजे. १९३२ च्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ ला हेडमध्ये व्हॉल्व्हच नव्हते, ते ब्लॉकमध्ये. हेड म्हणजे खरोखरच झाकण. धूर सिलिंडरांच्या मधून, ब्लॉकच्या पोटातून बाहेर जायचा, म्हणून ते इंजिन तापायचं. झोरा आर्कस-डंटॉव आणि त्याच्या भावाने १९४७ च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये त्यावर बसणारी अॅल्युमिनियमची हेडं काढली, व्हॉल्व्ह वर, ज्वलनकक्ष अर्धगोल. आर्कसचा आर आणि डंटॉवचा डन, म्हणून नाव 'आर्डन'. मूळ गिऱ्हाईक ट्रकवाले, पण डोक्यावर घेतली हॉट रॉडवाल्यांनी. हाच डंटॉव पुढे शेवर्लेच्या कॉर्व्हेट गाडीचा कर्ता झाला. क्रायस्लरच्या आधी चार वर्षं, आणि तेही दुसऱ्याच्या ब्लॉकवर. माझ्या मते या धाग्यात पहिला मान त्याचा.

हेमी_हेमंत

आर्डन हेमीच होतं, म्हणजे मी जिंकलो.

निवांत

जिंकलात. आता शर्ली मल्डाउनीबद्दल एक ओळ तरी लिहा, नाहीतर मी लिहिते. १९७३ साली टॉप फ्युएलचा परवाना मिळवणारी पहिली बाई. १९७७, १९८०, १९८२, तीन विजेतेपदं. १९८४ ला माँट्रियलजवळ पाय चेंदामेंदा झाले आणि तरी परत आली. हे सगळं मी काल रात्री बसून वाचलं, हेड या शब्दावरून सुरू करून. तुमचा धागा वाईट आहे, झोप जाते.

लेथवाला

मी पण एक उद्योग केला. कोपऱ्यात एक भंगार हेड पडलेलं. पुशरॉड साहेबांनी वळणाचं लिहिलं ते वाचून पोर्टमध्ये सिलिकॉन ओतलं, सुकल्यावर ओढून काढलं. पोर्टचा आकार जसाच्या तसा हातात येतोय. एका हेडचे चार पोर्ट, चार भाऊ, पण एकाचं तोंड दुसऱ्याला जुळंना. आतल्या वळणाला तर दोघांत डोळ्याला दिसंल एवढा फरक.

बाकी आमच्याकडं आरएक्स १०० ची पोरं 'हेड काम करा' म्हणून येतात तेव्हा मला आता हसू येतंय. टू-स्ट्रोकच्या हेडात व्हॉल्व्हच न्हाई, पोर्ट सगळे बॅरलमध्ये. त्यांना हेड घासून कंप्रेशन वाढवायचं असतंय. काम दहा मिनिटांचं, गप्पा दोन तासांच्या.

चौथागिअर

फोटो टाका राव त्या सिलिकॉनचा.

पुशरॉड

टाकाच. आणि जमलं तर बँडसॉवर ते हेड पोर्टच्या मधोमध उभं कापा. मोठी दुकानं हल्ली एक पोर्ट हाताने नीट करतात, त्याचं माप संगणकात घेतात आणि बाकीचे सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशिनवर, कोरतात. पण तो पहिला पोर्ट करण्याआधी भिंत कुठे किती जाड आहे हे कळायला एक हेड बळी द्यावंच लागतं.

लेथवाला

कापलं. फोटो रात्री टाकतो, पोरगं घरी आलं की. छताला भिंत ७ मिलिमीटर आहे. वळणाच्या जागी तळाला ३. माझा बर जीपच्या हेडात बरोब्बर तिथंच गेला होता.